नकारानंतरचा शेजार

तारकर्लीत पोचलेला सायरन

तारकर्लीतल्या एका न्याहारी-निवासाच्या मागच्या पडवीत एक बाई आडाळ्यावर तिसऱ्या फोडत बसल्या होत्या. मोबाइल वाजला तसा त्यांनी ओल्या हातानंच उचलला. पलीकडे त्यांची नणंद होती, इस्रायलमधल्या अश्कलोनहून बोलणारी. बाई वेंगुर्ल्याकडच्या, ख्रिस्ती. पर्यटनाच्या हंगामात इथं स्वयंपाकाला येतात. नणंद गेली काही वर्षं एका थकलेल्या यहुदी आजींची देखभाल करते. बोलणं दोन-तीन मिनिटांचंच झालं. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "युद्ध लागला तेव्हा फोन लागाक नाय. माझो घोव दोन दिस जेवूक नाय. आमी तिका सांगलव, परत ये गो. ती म्हणता, म्हातारीक कोणाच्या भरवशार टाकू?"

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'युद्ध आणि शेजार' हा विषय दिला, तेव्हा माझ्या मनात पश्चिम आशियाच होता. तिथल्या लढाईवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा जाणते आहेत. मला पाहायचं होतं ते वेगळं. यहुदी आणि ख्रिस्ती या दोन समाजांमध्ये दोन हजार वर्षांचा संशय आहे. युरोपात त्या संशयानं माणसं जाळली आणि शेवटी गॅसच्या कोठड्यांपर्यंत नेली. हेच दोन समाज आपल्या कोकणपट्टीवर शतकानुशतकं जवळजवळ राहत आले. त्यांचं एकमेकांशी काय बोलणं झालं? आणि आता, त्यांतल्या एकाची लेकरं-नातवंडं युद्धात असताना आणि दुसऱ्याचे धर्मबंधू त्याच युद्धात चर्चच्या छपराखाली मरत असताना, त्या बोलण्यातलं काय उरलं?

अश्कलोनमधल्या त्या घरातला रिवाज बाईंनी मला हातातलं काम न थांबवता सांगितला. मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, दोन्ही एका ठिकाणी धुवायची नाहीत. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आधी म्हातारी मेणबत्त्या लावते आणि डोळे झाकून पुटपुटते. त्यानंतर दुसऱ्या दिवशी रात्र होईपर्यंत तिनं दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. यांची नणंद तेवढा वेळ शेजारी बसते आणि मनातल्या मनात आपली माळ जपते. सायरन झाला की म्हातारीला चाकाच्या खुर्चीत घालून काँक्रीटच्या खोलीत न्यायचं आणि लोखंडी दार ओढून घ्यायचं. गाझाच्या इतक्या जवळच्या गावात त्यासाठी अर्धा मिनिटही धड मिळत नाही. चर्चला जायचं तर तेही शनिवारी, कारण तिथं रविवार कामाचा दिवस. परदेशातून आलेल्या कामकरी ख्रिस्ती लोकांचा मिस्सा त्यामुळं पुष्कळ ठिकाणी शनिवारीच होतो. याफ्फातल्या सेंट अँथनी चर्चमध्ये भारतीय बायका मोठ्या संख्येनं जमतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा इस्रायलमध्ये सुमारे अठरा हजार भारतीय होते आणि त्यांतला मोठा भाग वृद्धांची देखभाल करणाऱ्यांचा होता. केरळ, गोवा, मंगळूर आणि आपल्या किनाऱ्यावरूनही माणसं गेलेली. केरळच्या इडुक्की जिल्ह्यातली सौम्या संतोष त्यांच्यातलीच. मे २०२१ मध्ये अश्कलोनमध्ये रॉकेट पडून ती गेली. त्या वेळी ती नवऱ्याशी फोनवर बोलत होती. दोन धर्मांमधला संवाद म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर व्यासपीठ, शाल-श्रीफळ आणि समईचं दीपप्रज्वलन येतं. या बायका तो संवाद चोवीस तास जगतात, आणि त्याला संवाद म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलेलंही नसतं.

ज्याला बोलता आलं नाही

तारकर्लीहून दक्षिणेला निघालं की दोन-अडीच तासांत गोवा. देवबागच्या संगमापाशी कर्ली नदी समुद्राला मिळते, त्यापुढं वेंगुर्ले, शिरोडा, तेरेखोल, आणि मग पोर्तुगीजांचा मुलूख सुरू व्हायचा. मालवणच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं. तरी यहुदी-ख्रिस्ती संबंधांचं या पट्ट्यातलं सर्वांत काळं प्रकरण इथून हाकेच्या अंतरावर घडलं आणि त्याचा नायक आपल्या ताटातल्या सोलकढीशी जोडलेला आहे, ही गोष्ट सिंधुदुर्गात फार थोड्यांना ठाऊक आहे.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याचा राबता होता. १५६३ मध्ये गोव्यात त्यानं भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ छापला. आपल्या कोकमाचं वर्णन युरोपच्या वाचकांपुढं आलं ते या ग्रंथातून. ग्रंथाची मांडणी संवादाची आहे. ओर्ता स्वतः आणि रुआनो नावाचा पाहुणा, दोघं एकमेकांना विचारतात, शंका काढतात, एकमेकांचं खोडतात. भारतीय वैद्य काय म्हणतात, अरब हकीम काय म्हणतात, ग्रीकांचं कुठं चुकलं, सगळं मोकळेपणानं.

हा माणूस जन्मानं यहुदी घराण्यातला होता. त्याच्या आईवडिलांना स्पेनमधून हाकलल्यावर पोर्तुगालमध्ये जुलमानं ख्रिस्ती व्हावं लागलं होतं. अशा घराण्यांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत आणि त्यांच्यावर कायमची नजर असे. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसलं. त्याची कामाची रीत समजून घ्यायला हवी. काय काय संशयास्पद आहे याची यादी चर्चमधून जाहीर वाचली जाई: शनिवारी धुतलेले कपडे घालणं, शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावणं, डुकराचं मांस टाळणं. ऐकणाऱ्यानं शेजाऱ्याबद्दल येऊन सांगायचं, नाही सांगितलं तर तोही दोषी. आरोप कुणी केला हे आरोपीला कधीच कळत नसे. शेजारीपण मारून टाकायची याहून पक्की युक्ती माणसाला सुचलेली नसेल.

ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळलं. १५८० मध्ये ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि तीही जाळली. ज्यानं आयुष्यभर झाडापाल्यावर इतका सुंदर संवाद लिहिला, त्याला आपल्या देवाबद्दल शेजाऱ्याशी एक वाक्य बोलायची सोय नव्हती. गोव्यातलं हे न्यायालय मध्ये चार वर्षं बंद होतं, ते सोडलं तर १८१२ पर्यंत चाललं.

मी या प्रकरणापाशी थांबले ते जुने हिशेब उकरायला नव्हे. मालवण-वेंगुर्ल्याचे ख्रिस्ती लोक त्या न्यायालयाचे वारस नाहीत. त्यांचेच पूर्वज त्याच्या धाकात राहिले, काही तर घरदार सोडून सावंतवाडीच्या मुलखात आले. मी थांबले, कारण संवाद कशामुळं अशक्य होतो हे इथं लख्ख दिसतं. ज्याला 'नाही' म्हणायची मुभा नाही, त्याचं 'हो' ऐकून काय करायचं?

शनिवारी बंद राहणारा घाणा

उत्तरेला गेलं की चित्र पालटतं. रायगड जिल्ह्यातल्या अलिबागजवळ नवगाव आहे. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, समाजाची परंपरा सांगते की फार पूर्वी इथल्या समुद्रात गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना जिथं पुरलं ते उंचवटे आणि त्यांवरचं स्मारक आजही दाखवतात. वाचलेल्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं, आणि त्यात हेटाळणी नव्हती. गावांच्या नावांवरून आडनावं पडली: केहिमकर, दिवेकर, राजपूरकर, पेणकर, नवगावकर. बायका नऊवारी नेसत, मराठी बोलत. हिब्रू विसरली होती, पण 'शमा' ही एक प्रार्थना जिभेवर राहिली. सुंता, शनिवारचा विसावा आणि खवले-पर असलेलीच मासळी खायची हा नेम टिकला.

मासळीचा हा नेम मालवणच्या माणसाला विशेष कळेल. बांगडा चालतो, पापलेट चालतं. पण तिसऱ्या, कुर्ल्या, कोळंबी, मोरी, म्हणजे ज्या जोरावर तारकर्लीच्या खानावळी चालतात ते सगळं वर्ज्य. समाजात सांगतात की दाविद रहाबी नावाचा यहुदी गृहस्थ बाहेरून आला आणि हे लोक खरेच यहुदी आहेत का हे पाहायला त्यानं बायकांपुढं मिसळ मासळी ठेवली. त्यांनी खवल्यांची तेवढी निवडून घेतली. कोकणात धर्म ओळखायची परीक्षा मासळीच्या टोपलीत व्हावी, हे मला फार खरं वाटतं.

अलिबागच्या इस्रायल आळीत 'मागेन अबोथ' हे प्रार्थनामंदिर आहे. तिथून खाली रेवदंड्याला 'बेथ एल', १८४२ मधलं. रेवदंड्याच्या खाडीपलीकडं कोर्लई, पोर्तुगीज किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती. तिथले लोक अजून पोर्तुगीज वळणाची स्वतःची बोली घरात बोलतात. म्हणजे एका खाडीच्या दोन तीरांवर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरात, मराठी बोलणारे यहुदी आणि पोर्तुगीज वळणाचं बोलणारे ख्रिस्ती. त्या बाजूच्या एका म्हाताऱ्या बेने इस्रायली गृहस्थांना मी विचारलं, पलीकडच्यांशी तुमचा संबंध कसा होता? ते म्हणाले, "नारळाचा आणि मासळीचा. लग्नात बोलावणं असायचं. जेवायला आम्ही थोडं जपून बसायचो, ते समजून घ्यायचे. देवावर वाद घालायला वेळ कोणाला होता?"

त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण पुरतंही नाही. देवावरचा वाद झाला. तो मुंबईत झाला, मराठीत झाला, आणि मोठा झाला.

हर्णैहून मुंबईला

१८२९ मध्ये जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन हे स्कॉटिश मिशनरी दांपत्य भारतात आलं. सुरुवातीचे महिने त्यांनी दापोलीजवळच्या हर्णैला राहून मराठी शिकण्यात घालवले. मग मुंबई. मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या, विल्सननी मुलांच्या. आज गिरगाव चौपाटीसमोर जे विल्सन कॉलेज उभं आहे त्याचं मूळ तिथं आहे. त्यांच्या आधी १८१३ पासून अमेरिकन मराठी मिशन मुंबईत होतं. या मिशनच्या शाळांमधून बेने इस्रायली मुलं शिकू लागली, काही बेने इस्रायली तिथं मास्तरही झाले.

१८३२ मध्ये विल्सननी एक पुस्तक छापलं: मराठीतून हिब्रू व्याकरण. ज्या वर्षी पोंभुर्ल्याच्या, म्हणजे आपल्याच सिंधुदुर्गातल्या, बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, त्याच वर्षी त्याच मुंबईत एक ख्रिस्ती धर्मोपदेशक मराठी बोलणाऱ्या यहुद्यांना त्यांची विसरलेली भाषा मराठीतून शिकवायला बसला होता.

विल्सन यांचा हेतू झाकायचं कारण नाही, त्यांनीही तो झाकला नाही. या लोकांनी ख्रिस्ती व्हावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. जुना करार नीट वाचला की त्यातली भविष्यं येशूकडे बोट दाखवतात हे त्यांना आपोआप पटेल, अशी त्यांची खात्री होती. म्हणून आधी हिब्रू, मग जुना करार, मग नवा.

ते दिवस शांततेचे नव्हते. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मुंबई हादरली. प्रकरण कोर्टात गेलं, पालकांनी पोरं काढून घेतली, शाळा ओस पडली. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाचं प्रकरण झालं. भाऊ ख्रिस्ती झाला, लहान श्रीपतही मिशनरींच्या घरी राहिला, कोर्टानं त्याला बापाकडं दिलं, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री उभे राहिले तर सनातनी त्यांच्यावरच उलटले. पारशी आणि हिंदू समाज असे पेटलेले असताना बेने इस्रायली मात्र शाळेत येतच राहिले.

याचं कारण मला असं दिसतं. पारशी किंवा ब्राह्मण मुलाला मिशनच्या शाळेत जे शिकवलं जाई ते परक्याचं होतं. बेने इस्रायली मुलाच्या हाती मराठीत छापलेला अब्राहाम आला, मोशे आला, मिसरमधून सुटका आली. त्याची आजी जे अर्धवट सांगायची ते पुस्तकात सबंध होतं. आपल्या घरचं हरवलेलं कागदपत्र दुसऱ्याच्या कपाटात सापडावं तसं ते होतं, आणि कपाटाचा मालक ते वाचायला शिकवतही होता. सगळं श्रेय मिशनऱ्यांना देणंही बरोबर नाही. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, यांनी १७९६ मध्येच मुंबईत मांडवीला पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं होतं. कोचीनहून शिक्षक आणि उपाध्ये येत होते, त्यांच्यामुळं विधी-प्रार्थना परत बसत होत्या. पण घरी बसून, आपल्या भाषेत, स्वतः वाचून समजणं हे छापखान्यानं दिलं, आणि छापखाना मिशनचा होता.

आणि मग ते घडलं जे विल्सननी योजलं नव्हतं. जुना करार वाचून बेने इस्रायली ख्रिस्ती झाले नाहीत. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके अपवाद सोडले तर सबंध समाज जास्त पक्का यहुदी झाला. शिकलेल्या तरुणांनी मराठीत उत्तरं लिहिली आणि आम्हाला हे पटत नाही असं सांगितलं. जोसेफ इझिकेल राजपूरकर मिशनच्या शाळेत शिकले, पुढं डेव्हिड ससून यांच्या शाळेचे चाळीस वर्षं मुख्याध्यापक झाले, मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक झाले, आणि यहुदी प्रार्थनांची पुस्तकं एकामागून एक मराठीत आणत राहिले. हायम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये समाजाची स्वतःची शाळा काढली. पोरांना हिब्रू शिकायला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागू नये हा त्यामागचा विचार. याच केहिमकरांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पुरा केला, त्यात विल्सन यांचं ऋण मोकळ्या मनानं मान्य केलं आहे. बाप्तिस्मा नाकारला, उपकार नाकारले नाहीत.

विल्सन यांच्या बाजूनंही एक गोष्ट नोंदवायला हवी. अपेक्षित फळ येत नाही हे दिसल्यावर त्यांनी शाळेचं दार लावून घेतलं नाही. बेने इस्रायली मुलं मिशनच्या शाळांत येत राहिली, पिढ्यान् पिढ्या. इंग्रजीत लिहिणारे कवी निस्सीम इझिकेल विल्सन कॉलेजात शिकले आणि त्यांचे वडील तिथंच वनस्पतिशास्त्र शिकवत. धर्मांतरासाठी सुरू झालेलं शिक्षण शंभर वर्षांनी असं होऊन बसलं की यहुदी प्राध्यापक ख्रिस्ती मिशनच्या कॉलेजात हिंदू, पारशी, मुसलमान पोरांना शिकवतोय.

माझ्या मते या दोन समाजांचा कोकणातला खरा संवाद हा आहे. तो समान पातळीवरचा नव्हता. एकाच्या पाठीशी साम्राज्य होतं आणि दुसऱ्याच्या पाठीशी तेलाचा घाणा. पण गोव्यात जे नव्हतं ते इथं होतं. 'नाही' म्हणणाऱ्याला कुणी जाळलं नाही, आणि तो 'नाही' म्हणाल्यानंतरही शाळेची घंटा वाजत राहिली.

ओव्हल मैदान, १९६४

रोमच्या कॅथलिक चर्चला यहुद्यांचा असा नकार मान्य करायला फार वेळ लागला. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत यहुद्यांना 'विश्वासघातकी' म्हणणारा शब्द तेविसावे जॉन या पोपनी १९५९ मध्ये काढून टाकला. त्यांनीच बोलावलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत यहुद्यांविषयीचा मसुदा पुढं आला आणि लगेच राजकारणात अडकला. हे इस्रायल देशाला दिलेलं प्रशस्तिपत्र ठरेल, अशी अरब देशांची आणि तिथल्या बिशपांची भीती होती. तिथल्या ख्रिस्ती लोकांना त्याची किंमत मोजावी लागेल, हा त्यांचा मुद्दा उगाच नव्हता.

हा वाद चालू असतानाच, डिसेंबर १९६४ मध्ये, सहावे पॉल पोप मुंबईला आले. ओव्हल मैदानावर ख्रिस्ती महामेळावा होता, मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस यजमान होते. पोपनी इतर धर्मांच्या प्रतिनिधींना भेटून उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली. पुढच्या वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, परिषदेनं तो दस्तऐवज २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी स्वीकारला. येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या यहुद्यांवर, त्या काळच्या किंवा आजच्या, टाकता येणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं. २०१५ मध्ये व्हॅटिकननं आणखी पुढं जाऊन सांगितलं की यहुद्यांना ख्रिस्ती करण्यासाठी कॅथलिक चर्च कोणतंही संस्थात्मक मिशन चालवणार नाही.

पोप मुंबईला आले त्याच १९६४ मध्ये बेने इस्रायली एका वेगळ्याच कोड्यात होते. इस्रायलला गेलेल्यांना तिथल्या धर्मपीठानं विचारलं होतं, तुम्ही पुरते यहुदी आहात का? लग्न लावण्याआधी वंश तपासायचे आदेश निघाले. कोकणातून गेलेली माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली आणि ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेनं त्यांच्या बाजूनं ठराव केला. ज्यांनी मिशनरींपुढं शंभर वर्षं आपलं यहुदीपण राखलं, त्यांना ते आपल्याच माणसांपुढं सिद्ध करावं लागलं. हे दुःख त्या समाजातले म्हातारे अजून हळू आवाजात सांगतात.

युद्ध सुरू असताना

७ ऑक्टोबर २०२३ च्या इस्रायलवरच्या हल्ल्यानंतर आणि गाझावरच्या युद्धात चर्च आणि यहुदी यांच्यातलं हे साठ वर्षांचं बोलणं मोडायला आलं. यहुदी विद्वानांना वाटलं, इतक्या कत्तलीनंतर चर्चनं आमच्या बाजूनं ठाम बोलायला हवं होतं. चर्चच्या डोळ्यांपुढं गाझातली आपली मूठभर माणसं होती. तिथलं सेंट पोर्फिरियस चर्च ऑक्टोबर २०२३ मध्येच हल्ल्यात सापडलं आणि आत आसऱ्याला आलेले लोक मेले. होली फॅमिली या कॅथलिक चर्चमध्ये शेकडो माणसं राहत होती. पोप फ्रान्सिस आजारी पडेपर्यंत आणि आजारपणातही संध्याकाळी तिथं फोन करत. जुलै २०२५ मध्ये त्या चर्चवरही मारा झाला आणि तिघं गेले.

तरी दोन प्रसंग असे घडले की मला विल्सन आणि केहिमकर आठवले. हल्ल्यानंतर दहा दिवसही झाले नव्हते तेव्हा जेरुसलेमचे लॅटिन पॅट्रिआर्क कार्डिनल पिझ्झाबाल्ला म्हणाले की ओलीस धरलेली मुलं सुटणार असतील तर त्यांच्या बदल्यात मी जायला तयार आहे. नोव्हेंबरमध्ये यहुदी विद्वानांनी पोपना उघड पत्र लिहून आपली नाराजी स्पष्ट मांडली. पोपनी ती गिळून टाकली नाही आणि धुडकावलीही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी इस्रायलमधल्या 'यहुदी बंधू-भगिनींना' उद्देशून उत्तर लिहिलं. त्यानं तक्रार मिटली असं नाही. पण तक्रार पत्रात लिहिता येते आणि तिला पत्रानं उत्तर येतं, हे युद्धकाळात थोडं नाही.

आपल्या किनाऱ्यावर हा ताण कसा उतरतो? गोवा-मुंबईच्या धर्मग्रामांतून पवित्र भूमीच्या यात्रा निघत: बेथलेहेम, नाझरेथ, जेरुसलेम. युद्ध पेटलं आणि ठरलेल्या यात्रा रद्द झाल्या. त्या यात्रेत ख्रिस्ती माणूस बेथलेहेमच्या पॅलेस्टिनी ख्रिस्ती दुकानदाराकडून जैतुनाच्या लाकडाचा क्रूस घेऊन येतो, त्याच्या ओळखीचा चेहरा तो. बेने इस्रायली माणसाला तोच प्रदेश दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांतून दिसतो, जिथं त्याची आत्या राहते आणि भाचा लष्करात आहे. दोघंही 'तिकडची' बातमी पाहतात आणि दोघांना वेगळी माणसं दिसतात. अलिबागकडच्या एका मध्यमवयीन बेने इस्रायली बाई मला म्हणाल्या, "माझी शेजारीण ख्रिश्चन आहे. आम्ही ठरवलं नव्हतं, पण युद्धावर बोलायचं बंद झालं. ती माझ्या भावाच्या मुलासाठी नोव्हेना करते. मी तिला विचारलं, तिकडच्या पोरांसाठीपण करतेस ना? ती म्हणाली, करते. मी म्हटलं, कर."

याच महाराष्ट्रात नोव्हेंबर २००८ मध्ये काय झालं ते विसरता येत नाही. कुलाब्याच्या नरिमन हाउसवर अतिरेक्यांनी हल्ला केला, रब्बी गॅव्रिएल होल्त्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला उचलून बाहेर आणलं ते त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल या भारतीय ख्रिस्ती बाईंनी. त्याचं रडणं ऐकून त्या लपलेल्या जागेतून निघून वर गेल्या. पुढं पोराबरोबर त्या इस्रायलला गेल्या, त्या देशानं २०१० मध्ये त्यांना मानद नागरिकत्व दिलं. मुंबईतल्या यहुदी प्रार्थनामंदिरांबाहेर तेव्हापासून पोलिस बसलेले असतात, आत जाणाऱ्याचं ओळखपत्र पाहतात. २०२३ नंतर हा बंदोबस्त आणखी कडक झाला.

तारकर्लीच्या त्या बाईंना मी सँड्राबाईंची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि विचारलं, "पोराचो मिस्सा की तेंची प्रार्थना? कसा वाढवल्यान तेका?" यहुदी म्हणूनच वाढला, आजी-आजोबांकडं, मी म्हटलं. "मगे बरोबर," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचा पोर सांभाळतलास तर तेचो देव पण सांभाळूक व्हयो."

माझगावची शाळा

केहिमकरांच्या शाळेचं पुढं काय झालं हे पाहायला मी मुंबईला गेले. हाँगकाँग-शांघायचे यहुदी दानशूर सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर तिला त्यांचं नाव मिळालं आणि माझगावात ती अजून चालते. १९४८ नंतर बेने इस्रायली घरं एकेक करून इस्रायलला गेली. २०११ च्या जनगणनेत सबंध भारतात यहुदी साडेचार-पाच हजारांच्या आसपास भरले. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोपर्यंत शाळा भरायला त्यांची पोरंच उरली नव्हती.

तरी शाळा बंद पडली नाही. आजूबाजूच्या वस्तीतली मुलं आली. आज तिथं शिकणाऱ्यांत बहुसंख्य मुसलमान आहेत. भायखळ्याला मागेन डेव्हिड प्रार्थनामंदिराच्या आवारात ससून घराण्यानं काढलेल्या यहुदी शाळांतही तेच. आपल्या पोरांना परधर्मीयांच्या दारात जावं लागू नये म्हणून जी शाळा काढली, तिच्या दारात आता दुसऱ्यांची पोरं येतात आणि विश्वस्त ती घेतात. गाझावर बॉम्ब पडत होते त्या महिन्यांतही या शाळांचे वर्ग भरत होते. मी गेले तेव्हा सकाळची वेळ होती. डोक्यावर ओढणी घेतलेल्या मुलींची रांग यहुदी नावाच्या पाटीखालून आत चालली होती आणि फाटकापाशी एक शिक्षिका उशिरा येणाऱ्यांना मराठीत दटावत होती.